देव मायाळू आहे असं सगळेच धर्म काहून सांगतात?

धुऱ्यावरचा (दारव्हा)

मंडळी, देव आहे का नाही हा वाद मले इथं नाही करायचा, त्याचे धागे ढीगभर पडले आहेत. माझा प्रश्न वेगळा हाये. देव मोठा आहे, ताकदीचा आहे, सगळं त्याच्या हातात आहे असं कोणी म्हणलं तं समजते, जेठात भर दुपारी वावरात उभं राह्यलं की आपण किती लहान आहो हे कोणी सांगा लागत नाही. पण तो चांगला आहे, त्याले आपली माया आहे, हे कशावरून ठरवलं? अन् एकानं नाही, जवळपास सगळ्याच मोठ्या धर्मांनी.

सप्त्यात महाराज म्हणाले का देव पावसासारखा आहे, सगळ्यांवर सारखाच बरसते, पीक कमी-जास्त होते ते ज्याच्या त्याच्या बियाण्यानं, म्हणजे कर्मानं. मंग एका ख्रिश्चन दोस्ताच्या स्टेटसले मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं वचन पाह्यलं, देव नीतिमान अन् अनीतिमान दोघांवरही पाऊस पाडते. अन् आमच्या गावचे चाचा तं सर आली का 'रहमत आली', म्हणजे अल्लाहची दया आली, असंच म्हणतात. म्हणजे तिन्हीकडं दाखला एकच, पाऊस.

आता पावसाचं आम्हालेच सांगून राह्यले! मृगात सरकी टोबली, ओल पाहून टोबली, माती दोन बोटं उकरली तं आत गार लागे. मंग खंड पडला. वरची माती तापून तिनं पापडी धरली, अन् कोंब आतल्या आत वाकडे होऊन पिवळे पडले, उकरून पाह्यलं तं पापडीले डोकं लावून मेलेले. धुऱ्याच्या पलीकडं सर येऊन गेली होती. बियाणं एकाच दुकानातलं, एकाच लॉटचं. दुबार टोबणी केली, अन् पऱ्हाटीले बोंडं फुटली तेव्हा नको तो पाऊस आला, कापूस झाडावरच काळा. हे त्या दाखल्यात कुठी बसते? जाणकारांनी सांगा, मनापासून इचारतो.

मास्तर_अचलपूर

भाऊ, प्रश्न फार मोलाचा आहे, दमानं लिहितो. महाराजांनी दिलेला दाखला त्यांचा नाही, शंकराचार्यांचा आहे. ब्रह्मसूत्र हा वेदान्ताचा मूळ ग्रंथ, त्याच्या दुसऱ्या अध्यायात पहिल्या पादात चौतिसावं सूत्र आहे, 'वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्'. त्यावरच्या शंकराचार्यांच्या भाष्यात आक्षेप आधी मांडलाय आणि तो अगदी तुमचाच आहे: कोणी सुखात जन्मतो कोणी दुःखात, मग ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरतो की नाही? म्हणजे हा प्रश्न विचारणं नास्तिकपणा नव्हे, आपल्या परंपरेनं तो स्वतःच लिहून ठेवलाय. उत्तर असं की ईश्वर पर्जन्यासारखा, भात आणि जव दोन्हीला तो सारखंच कारण, वेगळेपणा बीजात. पुढच्या सूत्रात लगेच दुसरा आक्षेप येतो, की सगळ्यात आधी तर कर्मच नव्हतं, मग पहिला भेद कुठून आला? त्याला उत्तर, संसार अनादि आहे, पहिलं असं काही नाहीच.

मला विचाराल तर या उत्तरानं देवाचा न्याय वाचतो, पण माया कुठं दिसत नाही. कर्माचा हिशेब आपोआप चालत असेल तर देव तलाठ्यासारखा नुसती नोंद करणारा उरतो. आणि तुमच्या वावराचं तर वेगळंच आहे, तिथं बी तेच होतं आणि पाऊसच वेगळा पडला.

पोट्टा_वर्धेचा

सर तुमचा आदर ठेवून म्हणतो, हे सगळं गोल गोल फिरणं आहे. एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावानं सांगितला जाणारा सवाल दोन हजार वर्षांपासून उभा आहे, देवाला दुःख थांबवायचंय पण जमत नाही तर तो सर्वशक्तिमान नाही, जमतंय पण थांबवत नाही तर तो चांगला नाही. तिसरा रस्ता कोणी दाखवावा. आणि धर्म तरीही 'चांगला' म्हणतात याचं कारण साधं आहे, लेकराला माय लागते, मोठा झाला की माय पुरत नाही म्हणून आभाळात एक मोठी माय उभी करतो. मनोविश्लेषक फ्रॉईडनं १९२७ मध्ये हेच लिहिलं, फक्त त्यानं बाप म्हटलं. दुसरं कारण समाजाचं. गाव लहान असतं तेव्हा सगळे सगळ्यांना ओळखतात, शहरं झाली, अनोळखी लोक आले, मग भरवसा कशावर ठेवायचा, तर वर कोणीतरी पाहून राहिलाय यावर.

मास्तर_अचलपूर

वर्धेच्या भाऊ, तुमचा दुसरा मुद्दा अभ्यासकांमध्ये अजून भांडणाचा आहे. २०१९ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात एक मोठा लेख आला होता की आधी समाज मोठे झाले आणि नंतर नीती पाहणारे देव आले, तो लेख २०२१ मध्ये मागे घेतला गेला, आकडेवारी हाताळण्यावर आक्षेप आले म्हणून. पण ते सोडा. पाहून राहिलेला देव म्हणजे राखणदार. राखणदार चोर पकडतो, चोरासाठी रडत नाही. धागाकर्त्यांचा प्रश्न मायेचा आहे, तो त्यानं सुटत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या, देव पहिल्यापासून मायाळू नव्हतेच. बाबिलोनकडच्या साडेतीन हजार वर्षांहून जुन्या मातीच्या पाट्यांवर महापुराची गोष्ट आहे, त्यात देव पूर का आणतात, तर माणसं फार झाली, त्यांच्या गोंगाटानं देवाची झोप मोडते म्हणून. तोच पूर बायबलमध्ये येतो आणि कारण बदलतं, तिथं माणसाच्या दुष्टपणामुळं देवाला मनातून दुःख होतं. पाणी तेच, देव वेगळा. होमरच्या काव्यात झ्यूसच्या दारात दोन रांजण आहेत, एकात भलं एकात वाईट, तो मिसळून माणसाला देतो. प्लेटोनं नेमका तोच दाखला उचलला आणि म्हटलं की हे पोरांना शिकवू नका, देव चांगला आहे आणि तो फक्त चांगल्याचंच कारण असू शकतो.

आपल्याकडं पण पाहा. श्रावण सोमवारी अभिषेकाला रुद्र म्हणतात त्यात 'मा नस्तोके तनये' येतं ना, ती ऋग्वेदातली विनवणी आहे, आमच्या लेकराबाळांना मारू नको, आमच्या गाई-घोड्यांना मारू नको. समोरचा देव मारू शकतो हे धरूनच ती केलेली आहे. त्याच रुद्राला पुढं लोक भोळा म्हणायला लागले, बेलपानावर खूश होणारा म्हणायला लागले. मधे काय घडलं हा खरा शोधायचा विषय आहे.

वाटसरू_पुसद

वाचून राह्यलो. लय दिवसांनी भांडणाशिवाय धागा.

जात्यावरची

मास्तर, मधे काय घडलं ते मी माझ्या गावावरून सांगते, ग्रंथ मी जास्त वाचले नाहीत.

आमच्या गावात शिवेवर निंबाखाली मरीमाय आहे. मूर्ती नाही, शेंदूर लावलेला गोटा, शेंदराचे थर इतके चढलेत का बोट लावलं तं पोपडा निघते, खालून जुना काळा शेंदूर दिसते. आखाडात तिचं करतात. हिरवा खण, लिंबू, दहीभात, अन् आधी कोंबडा. आमची आजी सांगे, पटकीच्या साथीत गाडा काढत, मायचा गाडा वाजतगाजत गावाबाहेर न्यायचा अन् शीव ओलांडून पुढच्या गावाच्या हद्दीत ठेवून यायचा, मागं वळून पाहायचं नाही. पुढच्या गावानं तो त्यांच्या पुढच्या गावाकडं न्यायचा. त्या गोट्यापुढं उभं राहून मले कधी माया मागावीशी वाटली नाही. सगळ्या बाया एकच म्हणतात, आमच्याकडं पाहू नको माय, तुझं घे अन् जाय.

अन् त्याच बाया एकादशीले इठोबाच्या देवळात येतात तेव्हा त्यांचं बोलणंच बदलते. तिथं भांडतात. खरोखर भांडतात. 'तुले दिसत नाही काय, नुसता कमरेवर हात ठेवून उभा हायेस.' मरीमायपुढं असं बोलायची कोणाची छाती नाही. जनाबाई तं त्याले 'अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या' म्हणते, पुढं जे म्हणते ते इथं लिहिता येत नाही, तरी तिचे अभंग देवळात म्हणतात. माझं म्हणणं असं का माणसानं देवाले चांगलं काहून म्हणलं, तं त्याच्याशी भांडता यावं म्हणून. ज्याच्याकडून चांगल्याची आशा आहे त्यालेच इचारता येते ना, का बा असं केलं? मरीमायले कोण इचारते?

धुऱ्यावरचा (दारव्हा)

ताई, हे वाचून मी मोबाइल खाली ठेवला अन् बराच वेळ इचार केला. म्हणजे देव चांगला आहे ही बातमी नाही, तो हक्क आहे, असं म्हणता काय तुम्ही?

जात्यावरची

हो भाऊ, हक्कच. पोट्टी सासरहून येऊन मायले बोलते तसा.

रहमत_कारंजा

अस्सलाम वालेकुम मंडळी, नमस्कार. पावसाचा विषय निघाला म्हणून लिहितो. कुराणात ११४ सुरा आहेत, त्यातल्या ११३ ची सुरुवात अल्लाहच्या रहमान अन् रहीम या नावांनी होते, फक्त नववी सुरा, तौबा, तिच्या सुरुवातीले नाही. म्हणजे शक्तीच्या आधी दया सांगतली. अन् हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, येते का अल्लाहनं रहमतचे शंभर हिस्से केले, नव्व्याण्णव स्वतःपाशी ठेवले, एकच जमिनीवर पाठवला, दुनियेत जेवढी माया आहे, आपल्या पिल्लाले लागू नये म्हणून जनावर खूर उचलते इथपर्यंत, ती त्या एका हिश्श्यातली. मी गोठ्यात हे रोज पाहतो. म्हैस पायाखाली वगार आलं का पाय हवेतच धरते, दूध काढताना कितीदा पाह्यलं.

अन् भाऊ, तुम्ही म्हणता पाऊस दाखल्यात बसत नाही. कुराणाच्या ४२ व्या सुरेत पावसाची आयत आहे ना, त्यात असं नाही का पाऊस सगळ्यांवर सारखा पडते. त्यात असं आहे का लोक निराश झाल्यावर तो पाऊस पाठवते अन् आपली रहमत पसरवते. म्हणजे निराशा होते हे त्यात मान्य केलंय. खंड पडला का आम्ही ईदगाहवर जाऊन इस्तिस्काची नमाज पढतो, पावसासाठीच ती असते, त्यात चादर उलटी करून पांघरतात, हालत पालट अशी ती विनवणी. तुमच्याकडं पोट्टे अंगाले निंबाचा पाला बांधून 'धोंडी धोंडी पाणी दे' करत घरोघरी फिरतात, बाया त्यांच्यावर तांब्यानं पाणी ओततात. दोन्ही एकाच वर्षी एकाच गावात झालेलं मी पाह्यलंय. चांगला समजल्याशिवाय कोणी मागायले जात नाही. फक्त एक सांगतो, भांडणाचं जे ताईंनी लिहिलं ते आमच्यात तसं नाही चालत, आमच्यात सब्र, म्हणजे धीर धरा, म्हणतात. रडणं चालते, मागणं चालते, दावा नाही.

निळी_पहाट

सगळ्यांना जयभीम. धाग्याचं नाव 'सगळेच धर्म' आहे म्हणून नोंद करते, सगळे नाही म्हणत. बौद्ध धम्मात सृष्टी बनवणारा देवच नाही, जैनांमध्येही नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली, मग १६ ला चंद्रपूरला, माझे आजोबा चंद्रपूरच्या दीक्षेला बैलबंडीनं गेले होते. त्यांच्या पिढीला देव चांगला आहे हे कोणी सांगितलंच नव्हतं, त्यांना देवळाच्या पायरीवर चढू दिलं नव्हतं. विहिरीवर पाणी नाही, आणि सांगणारे सांगणार मागच्या जन्माचं. पोट्टा म्हणतो ती शंका भूरिदत्त जातकात, म्हणजे बुद्धाच्या मागच्या जन्मांच्या गोष्टींतल्या एकीत, आहे, ब्रह्मा सगळ्या लोकाचा धनी असेल तर त्यानं जग दुःखी का केलं, सगळ्यांना सुखी का नाही केलं? जुनीच आहे.

पण माया सोडली का? नाही सोडली. मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद), उपेक्षा (दुर्लक्ष नव्हे, समभाव) हे चार ब्रह्मविहार, म्हणजे मनाच्या चार उत्तम अवस्था आहेत. मेत्तसुत्तात, म्हणजे मैत्रीवरच्या बुद्धवचनात, म्हटलंय, आई जशी एकुलत्या एका लेकराला स्वतःचा जीव देऊन जपते तसं मन सगळ्या प्राण्यांबद्दल करा. रहमतभाऊंच्या हदीसमध्ये माय आहे, जनाबाईकडं माय आहे, आमच्याकडं पण माय आहे, फक्त आमच्याकडं ती आभाळात नाही, ते काम माणसाला सांगितलंय. तुम्ही देवाला चांगला म्हणून त्याच्यावर हक्क सांगता, मी म्हणते तो हक्क तहसीलवर सांगा, पंचनाम्याला आलेल्या माणसावर सांगा.

पोट्टा_वर्धेचा

निळी_पहाट ताई, +१. हेच.

रिद्धपूरकर

दंडवत प्रणाम. आपल्या अमरावती जिल्ह्यातच रिद्धपूर आहे, श्रीचक्रधर स्वामींचे गुरू श्रीगोविंदप्रभू यांचं स्थान, तिथं आता मराठी भाषेचं विद्यापीठ झालं. पोट्टादादांनी तिसरा रस्ता मागितला म्हणून आमच्या महानुभाव पंथाचं सांगतो. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी तेराव्या शतकात सांगितलं की जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही अनादि आहेत, एकातून दुसरा निघालेला नाही. जीवाला चिकटलेली अविद्याही अनादि आहे. म्हणजे परमेश्वरानं तुम्हाला दुःखात टाकलं असं नाही, तुम्ही अडकलेले आहातच, आणि परमेश्वर तुम्हाला सोडवायला येतो, त्याला त्यात स्वतःचं काही मिळवायचं नसताना येतो. आमच्याकडं कृपा ही अशी आहे. देवता त्यांच्या त्यांच्या मर्यादेत फळ देतात, मोक्ष फक्त परमेश्वर देतो.

आणि दया म्हणजे काय ते स्वामींच्या लीळेत, म्हणजे त्यांच्या आठवणीतल्या गोष्टीत, पाहा. पारध्यांच्या कुत्र्यांपुढून पळालेला ससा स्वामींच्या आसनाखाली, मांडीखाली येऊन दडला. पारधी मागून आले, आमचा ससा द्या म्हणाले. स्वामींनी सांगितलं, तो शरण आलाय. आणि दिला नाही. शेवटी पारध्यांनीच नाद सोडला. एवढीच गोष्ट. पण लहानपणापासून ऐकतोय, आणि देव कसा असावा असं कोणी विचारलं की माझ्या डोळ्यापुढं तो धापा टाकणारा ससाच येतो.

पोट्टा_वर्धेचा

दादा हे मला माहितच नव्हतं, लॉजिक साफ आहे. म्हणजे तुम्ही 'त्यानं सगळं बनवलं' हे सोडून दिलं आणि 'तो चांगला आहे' हे ठेवलं. पण मग तो सगळ्यांचा कर्ताधर्ता राहत नाही हे मान्य करावं लागेल.

रिद्धपूरकर

कर्तेपण दाखवण्यापेक्षा सोडवणं मोठं, असं आम्ही मानतो. मान्य करायला मला काही जड जात नाही.

मास्तर_अचलपूर

पारशी धर्मातही जवळपास हीच वाट आहे, अहुरमज्द फक्त चांगला, वाईट दुसऱ्याच शक्तीकडून येतं. म्हणजे जगभर लोकांनी हिशेब जुळवताना शक्ती थोडी कमी केली, चांगुलपणा कमी केला नाही. हे मला फार बोलकं वाटतं.

आणि तुकोबांना विसरून चालणार नाही. १६३० चा दुष्काळ, धंदा बुडाला, पहिली बायको अन्न अन्न करत गेली, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. तोच माणूस पुढं म्हणतो, 'बरें झालें देवा निघालें दिवाळें, बरी या दुष्काळें पीडा केली.' देव चांगला आहे हे त्यांनी भरल्या ताटावर बसून नाही म्हटलं.

जात्यावरची

मास्तर, तुकोबाराय आमच्याही जिवाचे आहेत. पण मले दरवेळी त्या बाईचं येते मनात. जी गेली तिचं काय बरं झालं? तुकोबाले दुष्काळातून देव भेटला, तिले काय भेटलं? तिचा एक अभंग असता तं तिनं काय लिहिलं असतं?

मास्तर_अचलपूर

ताई, याला माझ्याकडं उत्तर नाही. कुठल्या भाष्यातही मी वाचलेलं नाही. स्वतःच्या दुःखाला माणूस 'बरं झालं' म्हणू शकतो, दुसऱ्याच्या दुःखाला ते म्हणायचा कोणालाच अधिकार नाही, एवढंच मला कळतं.

रुक्मिणीच्या_माहेरची

मी इथं लिहीत नाही कधी, वाचते फक्त. वरची शेवटची ओळ वाचून लिहून राह्यले.

आमचे मालक गेले. कसे गेले ते लिहीत नाही, आपल्या भागात सांगा लागत नाही. तेरवीपर्यंत जितके घरी आले तितक्यांनी दोनच गोष्टी सांगतल्या, एक देवाची मर्जी, अन् दुसरी मागच्या जन्माचं. लहान पोट्टी दाराआडून ऐके. ती रात्री मले इचारे, आई, बाबानं मागच्या जन्मी काय केलं होतं? तिले काय सांगू मी?

कौंडण्यपूर आमच्यापासून जवळ, रुक्मिणीचं माहेर, तिथून पंढरपूरले पालखी जाते. वर्ष झाल्यावर मी गेली देवळात. दर्शनाले नाही गेली, बोलाले गेली. जे मनात होतं ते सगळं बोलली, मोठ्यानं बोलली, रडत नव्हती. मागं रांग थांबली होती. कोणी मले हटवलं नाही. एक म्हातारी होती, ती मागच्या बायांले म्हणे, थांबा, बोलू द्या तिले, त्यालेच बोलायचं नाही तं कोणाले बोलायचं. ते मले पुरलं. देवानं उत्तर दिलं असं मी म्हणत नाही. पण तो वाईट आहे असं मले वाटत असतं तं मी त्याच्या दारात गेलीच नसती, अन् ज्यांनी मर्जी-कर्म सांगतलं त्यांच्या देवाकडं मी जात नाही.

धुऱ्यावरचा (दारव्हा)

ताई, तुम्ही लिहिलं हे फार केलं. पोरीले सांगा, बाबानं काही केलं नव्हतं. भाव पडला होता, कर्ज होतं, पाऊस नव्हता. नाव घेऊन कारणं सांगता येतात, मागचा जन्म लागत नाही.

रहमत_कारंजा

बहनजी, अल्लाह तुमच्या लेकरांले सुखी ठेवो. मी वर लिहिलं का आमच्यात दावा चालत नाही. पण मले सांगा लागन का याकूब पैगंबर लेकाच्या दुःखात रडून रडून आंधळे झाले हे कुराणातच आहे, अन् ते म्हणतात, मी माझं दुःख अल्लाहपाशीच मांडतो. माणसांपाशी नाही मांडलं. तुम्ही जे केलं ते त्याच्या जवळचंच आहे.

मास्तर_अचलपूर

ताई, बायबलमध्ये ईयोब नावाच्या माणसाची गोष्ट आहे. भला माणूस, पोरं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड आले. मित्र भेटायला येतात आणि तेच सांगतात जे तुम्हाला सांगितलं, तुझंच काहीतरी पाप असणार, देव उगाच शिक्षा करत नाही. ईयोब ऐकत नाही, देवाशी वाद घालतो, माझा गुन्हा दाखव म्हणतो. शेवटी देव बोलतो, आणि का घडलं हे तोही सांगत नाही. पण बेचाळिसाव्या अध्यायात तो मित्रांवर रागावतो, म्हणतो तुम्ही माझ्याविषयी खरं बोलला नाहीत, ईयोब बोलला. म्हणजे देवाची वकिली करणारे खोटे ठरले आणि देवाशी भांडणारा खरा ठरला. जात्यावरच्या ताई जे म्हणाल्या ते तिथं पार यहुद्यांच्या ग्रंथात आहे, त्यांना ग्रंथ न वाचता सापडलं.

पोट्टा_वर्धेचा

मी ताईंच्या अनुभवाबद्दल काहीच बोलत नाही, तो त्यांचा आहे, आणि त्या म्हातारीला माझा नमस्कार. पण मुद्दा म्हणून विचारतो, भांडता येते म्हणून देव चांगला आहे हे सिद्ध कसं होतं?

धुऱ्यावरचा (दारव्हा)

सिद्ध होते असं कोणीच नाही म्हणलं भाऊ. मी इचारलं होतं का धर्म असं काहून सांगतात. मले आता असं दिसते का जग पाहून कोणी ठरवलंच नाही देव चांगला आहे म्हणून. जग पाहून तं मरीमायच सुचते, अन् आधी तीच सुचली, मास्तरांच्या त्या मातीच्या पाट्यांवर पण तीच आहे. पण नुसत्या जबरदस्त देवापुढं माणसाले दोनच गोष्टी करता येतात, भेवणं अन् लाच देणं, कोंबडा द्यायचा अन् गाडा दुसऱ्याच्या गावात ढकलायचा. हे नाही पटलं लोकांले. कुठी ना कुठी कोणीतरी म्हणलं का नाही, जो सगळ्यात मोठा आहे तो सगळ्यात चांगला असला पाहिजे, नाहीतं त्याले मोठा कायचा म्हणायचं? अन् ते एकदा म्हणलं का मंग कर्मानं गारपीट झाली हे कोणी सांगतलं तं त्याले थांबवता येते, त्या चांगुलपणाच्याच जोरावर. पावसाचा दाखला मले अजूनही पटत नाही. सशाचा पटला.

दर्यापूरचा_गडी

उशिरा आलो धाग्यावर. गाडगेबाबा आमच्याच भागातले, त्यांचं कोणी घेतलं नाही म्हणून लिहितो. बाबा देव-देव करत मंदिरात बसले नाहीत, मरीमायपुढची कोंबडी-बकरी बंद करा म्हणून आयुष्यभर सांगत फिरले. कीर्तन चालू असताना एकुलता एक पोरगा गेल्याची बातमी आली, कीर्तन थांबवलं नाही. देव दयाळू आहे का हा वाद त्यांनी घातलाच नाही, भुकेल्याले अन्न, तहानलेल्याले पाणी, उघड्यानागड्याले कपडा, गरीब पोरापोरीले शिक्षण ही यादी देली, अन् म्हणले हाच रोकडा धर्म. धर्मशाळा बांधल्या पंढरपूर, नाशिकले, स्वतः त्यात राह्यले नाहीत. निळी_पहाट ताई जे म्हणतात अन् जात्यावरच्या ताई जे म्हणतात ते दोन्ही त्या एका माणसात होतं असं मले वाटते.

निळी_पहाट

बाबासाहेबांना गाडगेबाबांबद्दल फार आदर होता, आमच्या घरी दोघांचे फोटो शेजारी आहेत. पण माझं मत कायम आहे, यादीतलं काम करायला देव चांगला असण्याची गरज नाही.

रुक्मिणीच्या_माहेरची, ताई, पोरगी कितवीत आहे? आमच्याकडं चंद्रपूरला मुलींच्या वसतिगृहात आठवीपासून घेतात, ओळखीच्या बाई आहेत तिथं. मेसेज करा.

रुक्मिणीच्या_माहेरची

सातवीत आहे ताई. करते मेसेज.